नाकेदाराचा नंबर

हे लिहायचं मी टाळत आलो. निवृत्तीनंतर दोनदा कागद पुढे घेतला आणि दोन्ही वेळा त्यांच्या सायकलीचं वर्णन करून थांबलो. सायकलीचं वर्णन सोपं होतं.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो हळहळला आणि लगेच हसून म्हणाला, "म्हणजे नाकेदाराचा नंबर बंद झाला." आमच्या कचेरीत ही म्हणच झाली आहे. कुणी पोकळ आश्वासन दिलं की विचारतात, "हा नाकेदाराचा नंबर तर नव्हे?" आज तिथे बसणाऱ्या कितीतरी पोरांनी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही. म्हण मात्र पाठ आहे.

तो नंबर त्यांचा नव्हता, माझा होता. हे एक वाक्य लिहायला एवढी वर्षं गेली. आता बाकीचं लिहितो.

त्यांचं नाव इथे घालत नाही. कचेरीत समोर त्यांना बापू म्हणत, पाठीमागे नाकेदार. ते कनेरगाव नाक्याजवळच्या एका तांड्यावरचे. तो नाका एके काळी खराच नाका होता. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे वऱ्हाड. बापूंचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्या वाटेनं जायचे. आजोबांच्या वेळचा एकही बैल बापूंनी पाहिला नव्हता, पण बोलायचे असे की कालच गोण्या उतरवून आलेत.

"तांडा निघायच्या आधी एक माणूस पुढं जायचा," ते सांगत. "नाक्यावर दिवसभर नुसता बसायचा. कोण माल अडवतो, कोणाला सोडतो, काहून सोडतो, हे बघून मागं यायचा. मग बैल निघायचे. पुढचा माणूस न पाठवता जो निघाला, तो लुटला गेला म्हणून समजा."

हे ते कशालाही लावत. मुलीसाठी स्थळ बघायला निघालेल्या शिपायाला, बदलीसाठी मुंबईला निघालेल्या साहेबाला, दवाखान्यात निघालेल्या मला. "पुढचा माणूस पाठवला का?" नाकेदार हे नाव त्यावरूनच पडलं.

जिल्हा नवीन झाला होता. कचेरीला स्वतःची धड इमारत नव्हती, खुर्च्या तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांतून गोळा केलेल्या. मी शेतीचा पत्रव्यवहार पाहणाऱ्या शाखेत अव्वल कारकून. बापू त्याच शाखेत आकडेवारी गोळा करायचे. आमची टेबलं समोरासमोर होती. चहा एकच कप मागवायचा, त्यातला अर्धा बशीत ओतून माझ्याकडे सरकवायचा, हा त्यांचा नेम. मला स्वतंत्र कप परवडत होता. पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्यांची मुख्य खोड म्हणजे प्रत्येक वस्तूला "हे कुठून आलं?" असं विचारणं. काड्यापेटी असो, साबण असो, कुणाच्या डब्यातली भाजी असो. तेलाचा डबा दिसला की चष्मा कपाळावर ढकलून बारीक अक्षरं वाचत बसायचे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेले की टाकून दिलेल्या बारदानावरचे छापील तुकडे कापून आणत. परक्या लिपीतले शिक्के, जहाजाची चित्रं, नारळाची चित्रं. टेबलाच्या खालच्या खणात त्या तुकड्यांची चळत होती. साहेबांनी एकदा खण उघडायला लावला. वास असा सुटला की साहेब दोन पावलं मागे सरले.

"हे काय आहे?"

"पुढची माणसं हायेत, साहेब," बापू म्हणाले. "माल यायच्या आधी गोणी येते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोक्याजवळ बोट फिरवलं. लोक हसले. बापूही हसले, कारण त्यांना वाटलं गोणीचं कुणाला तरी पटलं.

हळकुंड मोडून, हुंगून ते माल वसमतचा की सांगलीकडचा हे सांगत. दहातले सात बरोबर निघत. उरलेल्या तिनांबद्दल त्यांचं म्हणणं असं, की व्यापारी खोटं बोलत असावा.

मग ते पत्र आलं.

दिल्ली तेव्हा पूर्वेकडच्या काही देशांशी व्यापार आणि गुंतवणुकीचा करार करायला बसली होती. आमचा माल त्यांच्याकडे कमी जकातीत जाणार, त्यांचा आमच्याकडे येणार. पण काही माल नाजूक म्हणून यादीत घालून वाचवता येत होता, त्यावरची जकात उतरणार नव्हती. त्या यादीत काय असावं, हे संबंधितांशी विचारविनिमय करून कळवा, असं दिल्लीनं मुंबईला, मुंबईनं विभागाला आणि विभागानं आम्हाला लिहिलं होतं. सोबत विहित नमुना. मुदत सात दिवस. आणि शेवटी नेहमीची ओळ: माहिती नसल्यास निरंक अहवाल पाठवावा.

सरकारी कचेरीत ज्यानं काम केलं नाही त्याला निरंकाची गोडी कळायची नाही. कुठलाही तक्ता आला, त्यात भरायला काही नसलं किंवा भरायला वेळ नसला, की आडवी रेघ मारून निरंक लिहायचं. रकाना भरतो, मुदत पाळली जाते, वरचा खूश होतो. मी नोकरीत किती निरंक पाठवले याची मोजदाद नाही. त्यातले निम्मे तरी खरे असतील.

साहेबांनी पत्रावर बापूंचं नाव टाकलं, बहुधा गंमत म्हणून. बापूंनी ते पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

"भाऊसाहेब," ते मला म्हणाले, "दिल्ली आपल्याला विचारून राहिली."

"दिल्ली सगळ्यांनाच विचारते, बापू."

"न्हाई. हे नाक्यावर बसलेत, आन् नाक्यावरून विचारून राहिले की तुमचा कोणता माल अडवू, कोणता सोडू. आमच्या आज्याला कोणी विचारलं होतं का?"

दुसऱ्या दिवसापासून ते कचेरीत दिसेनासे झाले. सायकल एस.टी.च्या टपावर टाकून ते हट्ट्याला गेले, तिथून वसमतला, मग शिरड शहापूरला. हळदवाले, करडईवाले, तेलघाण्यावाले, मोंढ्यातले हमाल, हळद शिजवणाऱ्या बाया. जो भेटेल त्याला ते तीनच प्रश्न विचारत. तुमचा कोणता माल बाहेरूनही येतो? तो अजून स्वस्त आला तर तुम्ही पेरा बंद कराल का? बंद केला तर काय कराल? उत्तर जसंच्या तसं लिहून खाली सही किंवा अंगठा.

शिरड शहापूरची एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, "करडीचं तेल पोटात ऱ्हातं, डब्याचं नुसतं जिभेवरून जातं. हे लिव्ह." बापूंनी ते लिहिलं. हट्ट्याला एका वयस्कर शेतकऱ्यानं, ज्यांना सगळे मामा म्हणत, आधी त्यांना उडवून लावलं होतं.

"आजवर लई आले लिव्हून न्यायला. पुढं काय झालं?"

"या खेपेला मी सोता पाठवणार, मामा. पाठवलं की नंबर आणून देतो. जावक नंबर म्हंजे दिल्लीच्या वाटंला लागल्याची पावती."

त्यावर मामा बोलायला बसले ते दोन दिवस बोलले.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्यापुढे सात दिवसांची मुदत होती आणि ती उलटली होती. एक स्मरणपत्र आलं. दुसरं आलं. मग विभागातून फोन आला, फक्त तुमचा जिल्हा बाकी आहे, संध्याकाळपर्यंत फॅक्स करा. बापूंचा पत्ता नव्हता. साहेबांनी विचारलं, "कुणाचं काही म्हणणं आलंय का?" मी म्हणालो, "विशेष काही नाही, साहेब." टंकलेखकाला निरंक करायला सांगितलं, सही घेतली, जावक क्रमांक टाकला आणि पाठवून दिलं. घरी जाऊन नीट जेवलो. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं, हेही खरं आहे.

दोन दिवसांनी बापू आले. उन्हानं काळे पडलेले, हातात बाड. हातानं लिहिलेले कागद, सुतळीनं शिवलेले. मधे मधे बारदानाचे तुकडे टाचलेले, कुठल्या गावात कुठला माल येतो त्याचा पुरावा म्हणून. विहित नमुना सगळ्यात वर होता आणि त्याच्या प्रत्येक रकान्यात लिहिलं होतं: सोबत पाहावे.

"उशीर झाला," ते म्हणाले. "पण एक गाव सोडलं न्हाई."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. पूर्वीचा अहवाल रद्द समजावा, सुधारित अहवाल सोबत, अशी दोन ओळींची चिठ्ठी पुरली असती. पण त्यावर साहेबांची सही लागली असती आणि साहेबांनी विचारलं असतं, परवा तर म्हणालात विशेष काही नाही. माझं नाव त्या वर्षी नायब तहसीलदाराच्या यादीत होतं. गोपनीय अहवाल साहेबच लिहिणार होते.

एवढंच कारण होतं असं लिहिलं तर तेही अर्धंच होईल. आमच्या घरात चार पिढ्या एक तर औंढ्याच्या देवळातली पूजा नाहीतर कचेरीतला कागद. कागद कसा असावा हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, असा एक माज होता. तांड्यावरच्या माणसानं सुतळीनं शिवलेलं, गोणीचा वास मारणारं ते बाड दिल्लीला जाण्यासारखं आहे, हे मला मनातून मान्यच नव्हतं. मी ते वाचलंही नाही. लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलं.

चार दिवसांनी बापूंनी विचारलं, "गेलं का?"

"गेलं."

"नंबर द्या."

मी जावक नोंदवही ओढली. पानावरून बोट फिरवलं आणि निरंकाचा नंबर त्यांना सांगितला. त्यांनी तो खिशातल्या डायरीत लिहिला, मला वाचून दाखवला, बरोबर आहे ना विचारलं. मी म्हणालो, "बराबर." त्यांचाच शब्द.

पुढचे काही रविवार ते स्वतःच्या खर्चानं पुन्हा सगळी गावं फिरले. हट्ट्याला एका पानटपरीच्या फळीवर कुणीतरी तो नंबर खडूनं लिहून ठेवला होता म्हणतात, आणि खडू पुसला की पुन्हा गिरवत. मी तो नंबर इथे लिहीत नाही. मला अजून पाठ आहे.

काही महिन्यांनी मुंबईहून एक बाई अधिकारी आल्या. कराराची बोलणी पुढे गेली होती, जिल्ह्याजिल्ह्यांत लोकांना समजावून सांगायची बैठक होती. सभागृहात खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त. बाई चांगल्या होत्या, सरळ बोलत होत्या. गुंतवणूक म्हणजे काय, बाहेरच्यानं इथे कारखाना टाकला तर कोणत्या अटी, हे त्यांनी समोरच्या पाण्याच्या ग्लासाचं उदाहरण देऊन समजावलं. मी मागच्या रांगेत फायली घेऊन बसलो होतो. मधेच हट्ट्याचे मामा उठले.

"बाई, आमचं म्हणणं आमी आधीच धाडलंय. त्याचं काय झालं तेवढं सांगा." आणि त्यांनी न बघता नंबर म्हटला.

बाईंनी सोबतच्या माणसाकडून फाईल घेतली. पानं उलटली.

"या नंबरच्या पत्रात निरंक आहे."

"निरंक म्हंजे?"

"म्हणजे या जिल्ह्यातून कुणाचं काही म्हणणं नाही."

मामा उभेच राहिले. "दोन दिस बोललो मी," ते म्हणाले. "घसा बसला होता माझा."

मग सगळ्यांच्या माना बापूंकडे वळल्या. ते भिंतीलगत उभे होते. त्यांनी मामांकडे पाहिलं नाही, बाईंकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आकडेवारी तपासताना एखादी बेरीज जुळली नाही की ते असंच बघायचे, पुन्हा वरून सुरुवात करावी तसं.

कपाट त्या सभागृहापासून एक व्हरांडा ओलांडून होतं. किल्ली माझ्या खिशात होती. उठून, जाऊन, बाड घेऊन यायला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं बापूंनी मला दिली, असं मला आजही वाटतं. मी मांडीवरच्या फाईलची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"बाई," बापू म्हणाले, "नंबर सांगण्यात चूक माझी झाली. लोकांची न्हाई."

"मग अहवाल कुठे आहे?"

"माझ्याजवळ न्हाई."

हे खरंच होतं. बाईंनी डोळे मिटल्यासारखं केलं. म्हणाल्या, यादी आता पुढे गेली आहे, तरी आजचं म्हणणं मी टिपून घेते. त्यांनी टिपून घेतलंही. मामा खाली बसता बसता बोलले, फार मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं:

"बापू, तुमी बी सरकारीच निघालात."

त्या दिवशी म्हण तयार झाली.

बापूंचा अहवाल वेळेत गेला असता तर करार बदलला असता, असा माझा दावा नाही. एवढ्या मोठ्या देशाची बोलणी. त्यात आमच्या म्हातारीचं करडईचं तेल कुठे पुरणार. कदाचित पहिल्याच टेबलावर कुणी ते बाड बाजूला ठेवलं असतं. पण तो बाजूला ठेवणारा दुसरा कुणीतरी असता. पुढच्या माणसाला नाक्यावर कुणी अडवलं असतं तर गोष्ट वेगळी. मी त्याला घरातच कोंडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे आले. चहा मागवला, अर्धा बशीत ओतून माझ्याकडे सरकवला.

"बाड कपाटात हाये का, भाऊसाहेब?"

"शोधावं लागेल, बापू."

"शोधा. घाई न्हाई."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण रजा टाकून ते सगळ्या गावांत तिसऱ्यांदा जाऊन आले, आपलं म्हणणं गेलं नाही हे सांगायला. काही ठिकाणी लोकांनी पाणीही विचारलं नाही, असं त्यांच्यासोबत गेलेल्या एकाकडून कळलं. मला एकच बदल दिसला. डब्यांवरची बारीक अक्षरं वाचणं त्यांनी सोडलं. खालच्या खणातली चळत एक दिवस नाहीशी झाली होती.

त्यांच्या निरोपसमारंभात भाषण मी केलं. प्रामाणिक, कष्टाळू, लोकांत मिसळणारे, वगैरे. कुणीतरी मागून म्हणालं, "पेन्शनचा नंबर नीट लिहून घ्या, बापू." हशा झाला. मीही हसलो. तोपर्यंत मी नायब तहसीलदार झालो होतो.

निवृत्त होताना कपाट रिकामं केलं आणि ते बाड घरी आणलं. तेव्हा पहिल्यांदा वाचलं. अक्षर मुलांच्या वहीसारखं गोल. कुठेही स्वतःचं मत नाही. फक्त शेवटच्या पानावर एक ओळ: वरील सर्वांनी विश्वासाने सांगितले आहे.

त्यानंतरही ते घरी दोन वर्षं पडून होतं. मग एका सकाळी एस.टी.त बसलो. हिंगोलीपासून नाक्यापर्यंत एकच वाक्य घोकत होतो: बापू, नंबर मी दिला, बाड मी दडवलं, मला माफ करा. सोपं वाक्य आहे. एकही जोडाक्षर नाही.

तांड्यावर ते लिंबाखाली बाजेवर बसले होते. मला पाहून उठले, बायकोला हाक मारली, "चहा टाक, भाऊसाहेब आलेत." मी पिशवीतून बाड काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी सुतळीची गाठ चाचपली. स्वतःचीच होती.

"उंदरानं खाल्लं न्हाई," ते म्हणाले. "कपाट चांगलं होतं तुमचं."

मग पानं उलटत एकेक नाव वाचू लागले. हा गेला. ही नातवाकडं असती. ह्यानं करडी सोडली, सोयाबीन लावतो. मामांच्या नावावर बोट ठेवून थांबले. बारदानाचा एक तुकडा नाकाशी धरला. वास उरला नसणार. चहा आला. एकच कप होता. त्यांनी अर्धा बशीत ओतला.

"हे नेऊन दाखवतो त्यांना," ते म्हणाले. "दहा-पंधरा जणं असतील अजून. मामा हायेत."

ते कधीच गेले नाहीत. त्यांच्या पश्चात मी भेटायला गेलो तेव्हा मुलानं ट्रंकेतून बाड काढून दाखवलं, धोतराच्या फडक्यात बांधलेलं. म्हणाला, "दादा दर उन्हाळ्यात म्हणायचे, हट्ट्याला जाऊन येतो. निघायचे बी न्हाई, आन् हे टाकू बी देत न्हवते." का गेले नाहीत, ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत आहे, कारण त्या सकाळी त्यांनी मला रस्त्यापर्यंत पोचवलं होतं.

नाक्यावर एका ढाब्यासमोर आम्ही गाडीची वाट बघत उभे होतो. बाड त्यांच्या काखेत होतं. त्यांनी सुतळीची गाठ पुन्हा चाचपली. मग म्हणाले, "भाऊसाहेब, लोक पहिलं हेच इचारतील, हे कुठून आलं म्हणून. काय सांगू?"

तोच प्रश्न, इतक्या वर्षांनी. तो त्यांनी मला त्या दिवशी सभागृहात विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारला नव्हता. आणि आत्ताही इतक्या साध्या आवाजात विचारला, जसा काड्यापेटीबद्दल विचारायचे. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"सांगा," मी म्हणालो, "सापडलं म्हणून."

त्यांनी मान हलवली. "बराबर. सापडलं."

गाडी आली. मला खिडकीची जागा मिळाली. गाडी हलेपर्यंत पोचवायला आलेल्यानं खाली उभं राहायचं, तसे ते खिडकीखाली उभे राहिले. काच उघडी होती. कंडक्टर कुणाशी तरी सामानावरून वाद घालत होता, त्यामुळे गाडी बरीच थांबली. बापूंनी काखेतलं बाड दुसऱ्या हातात घेतलं आणि वर माझ्याकडे पाहत राहिले.

मी म्हणालो, "येतो, बापू."